स्फटिक रेडिओ

स्फटिक रेडिओ किंवा क्रिस्टल सेट हा विजेच्या कोणत्याही बाह्य पुरवठ्याशिवाय चालणारा साधा रेडिओग्राहक आहे. त्यात बॅटरी नसते, घरातील विजेची जोडणी नसते आणि संकेत मोठा करणारा विवर्धकही नसतो. इअरफोनमध्ये ऐकू येणारा आवाज सर्वस्वी अँटेनाने ग्रहण केलेल्या रेडिओ लहरींच्या ऊर्जेतून निर्माण होतो. मध्यम लहरींवरील जवळच्या एएम केंद्रांचे कार्यक्रम ऐकण्यासाठी त्याचा उपयोग होतो. रेडिओ संकेतातून आवाज वेगळा काढण्यासाठी पूर्वी या संचात गॅलेनासारख्या खनिजाचा स्फटिक वापरला जात असे, त्यावरून त्याला हे नाव मिळाले. पुढे स्फटिकाची जागा जर्मेनियम डायोडने घेतली, तरी नाव तेच राहिले.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अनेक कुटुंबांचा पहिला रेडिओ घरी तयार केलेला स्फटिक रेडिओच होता. आज तो मुख्यतः हौशी इलेक्ट्रॉनिक्समधील प्रारंभीचा प्रकल्प म्हणून बनवला जातो. उपलब्ध ऊर्जा अत्यल्प असल्याने प्रत्येक घटकात ती कमीत कमी वाया जावी, हे या संचाच्या आराखड्याचे मुख्य सूत्र आहे.

इतिहास

शोधकाचा उगम

धातूचे टोक आणि विशिष्ट सल्फाइड खनिजे यांच्या स्पर्शबिंदूतून विद्युतप्रवाह एका दिशेने सहज आणि उलट दिशेने कष्टाने वाहतो, असे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८७४ मध्ये दाखवून दिले. त्या वेळी रेडिओ लहरींचा प्रायोगिक शोधही लागलेला नव्हता, त्यामुळे या गुणधर्माचा व्यावहारिक उपयोग बराच काळ झाला नाही.

कोलकाता येथे अतिलघु लांबीच्या विद्युतचुंबकीय लहरींवर संशोधन करणारे जगदीशचंद्र बोस यांनी अशा लहरी ओळखण्यासाठी गॅलेनाच्या स्पर्शबिंदूचा उपयोग केला. या शोधकाच्या अमेरिकी पेटंटसाठी १९०१ मध्ये अर्ज करण्यात आला आणि १९०४ मध्ये ते मंजूर झाले. अर्धसंवाहक उपकरणासाठी दिलेल्या सर्वांत जुन्या पेटंटांमध्ये त्याची गणना होते. १९०६ मध्ये अमेरिकेत हेन्री डनवुडी यांनी कार्बोरंडमवर, तर ग्रीनलीफ पिकार्ड यांनी सिलिकॉनवर आधारित शोधकांची पेटंटे घेतली. पिकार्ड यांनी अनेक वर्षे निरनिराळ्या खनिजांच्या असंख्य जोड्या तपासल्या होत्या.

प्रसारणाचा काळ

प्रारंभी हे शोधक बिनतारी तारसंदेश ऐकण्यासाठी वापरले जात. १९२० मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील केडीकेए केंद्राने आणि १९२२ मध्ये ब्रिटनमध्ये बीबीसीने प्रसारण सुरू केल्यावर सामान्य श्रोत्यांकडून संचांना मागणी वाढली. निर्वात नळ्यांचे संच महाग होते आणि त्यांना बॅटऱ्याही लागत. स्फटिक संच मात्र पुठ्ठ्याची नळी, तांब्याची तार, खनिजाचा तुकडा आणि हेडफोन एवढ्यावर उभा राहत असे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९२२ मध्ये साधा रेडिओग्राहक घरी कसा बनवावा हे सांगणारी १२० क्रमांकाची पुस्तिका प्रसिद्ध केली. निर्वात नळ्यांचे संच स्वस्त होऊन ध्वनिवर्धकावर संपूर्ण कुटुंबाला एकत्र ऐकता येऊ लागले, तेव्हा स्फटिक संच मागे पडले.

दुसरे महायुद्ध

दुसऱ्या महायुद्धात या संचाला पुन्हा महत्त्व आले. जर्मनीने व्यापलेल्या नॉर्वे आणि नेदरलँड्समध्ये नागरिकांकडील रेडिओ जप्त करण्यात आले होते. लहान आकाराचा, वीज न लागणारा आणि घरातील सामानातून बनणारा स्फटिक संच लपवणे तुलनेने सोपे होते. बातमी ऐकणे हाच गुन्हा ठरलेल्या काळात बाहेरच्या जगाची खबर मिळवण्याचे ते एक साधन होते.

इटलीतील अँझिओ येथे १९४४ मध्ये लढणाऱ्या दोस्त सैनिकांनी खंदकात बनवलेले संच विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांत खनिजाच्या जागी दाढीचे निळसर झालेले पाते आणि तारेच्या जागी सेफ्टी पिनेला जोडलेला शिसपेन्सिलीच्या शिशाचा तुकडा असे. पात्यावरील ऑक्साइडचा पातळ थर आणि ग्रॅफाइट यांच्या स्पर्शबिंदूत शोधकाचे काम होत असे. त्या काळातील काही नळीचे संच स्वतःच क्षीण लहरी उत्सर्जित करत आणि शत्रूला त्यांचा माग लागण्याची भीती असे. स्फटिक संच काहीच उत्सर्जित करत नसल्याने हा धोका नव्हता.

युद्धानंतर, १९४६ मध्ये, १एन३४ हा जर्मेनियम डायोड बाजारात आला. त्यामुळे स्फटिकावर संवेदनशील बिंदू शोधत बसण्याची गरज उरली नाही.

भारतात

मुंबईत १९२३ मध्ये रेडिओ क्लब ऑफ बॉम्बेने हौशी पातळीवर प्रसारण केले. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोलकाता केंद्र सुरू झाले. दोन्ही केंद्रांच्या प्रक्षेपकांची शक्ती प्रत्येकी दीड किलोवॅट होती. एवढ्या शक्तीचे प्रसारण स्फटिक संचावर शहर आणि त्याच्या परिसरातच समाधानकारक ऐकू येणे शक्य होते. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारयंत्र अधिनियमान्वये रेडिओग्राहक बाळगण्यासाठी परवाना घेणे बंधनकारक झाले. प्रसारण ऐकण्याच्या संचांवरील हे बंधन पुढे उठवण्यात आले.

रचना आणि कार्य

स्फटिक रेडिओचे चार मुख्य भाग असतात: अँटेना व अर्थिंग, मेलन मंडल, शोधक आणि इअरफोन.

अँटेनाच्या तारेवर एकाच वेळी अनेक केंद्रांच्या लहरी येऊन आदळतात आणि तिच्यात सूक्ष्म प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण करतात. तारेचे वेटोळे आणि धारित्र यांनी बनलेले मेलन मंडल त्यांतील एका वारंवारतेला अनुस्पंदन देते. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत हलके धक्के दिले की झोका वाढत जातो, त्याप्रमाणे या मंडलात निवडलेल्या वारंवारतेची आंदोलने वाढतात व इतर क्षीण राहतात.

एएम प्रसारणात आवाजातील चढउतारांप्रमाणे वाहक लहरीचा आयाम कमी-जास्त केलेला असतो. ही लहर सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलते. तिचे धन व ऋण अर्धभाग एकमेकांना छेदत असल्यामुळे ती थेट इअरफोनला दिल्यास आवाज निघत नाही. शोधक एका बाजूचे अर्धभाग पुढे जाऊ देतो आणि दुसऱ्या बाजूचे अडवतो. उरलेल्या स्पंदांची सरासरी मूळ आवाजाप्रमाणे बदलते आणि त्या बदलानुसार इअरफोनचा पडदा हलतो.

आराखडा आणि घटकांची निवड

वेटोळे आणि धारित्र

भारतात वापरला जाणारा मध्यम लहरींचा पट्टा साधारण ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ असा आहे. मेलन मंडलाची वारंवारता ही वेटोळ्याची प्रवर्तकता आणि धारित्राची धारिता यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाशी व्यस्त प्रमाणात असते. वरच्या व खालच्या वारंवारतांचे गुणोत्तर सुमारे तीन आहे, म्हणून प्रवर्तकता कायम ठेवल्यास धारिता सुमारे नऊपट बदलता आली पाहिजे. २४० मायक्रोहेन्रीचे वेटोळे घेतल्यास ५३१ किलोहर्ट्झसाठी सुमारे ३७४ आणि १६०२ किलोहर्ट्झसाठी सुमारे ४१ पिकोफॅरड धारिता लागते. आकाशवाणीच्या पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्झ वारंवारतेसाठी हे मूल्य सुमारे १६८ पिकोफॅरड येते. जुन्या रेडिओतील बदलते धारित्र, म्हणजेच बाजारात ‘गँग’ या नावाने मिळणारा भाग, या कामासाठी योग्य असतो.

२४० मायक्रोहेन्रीचे वेटोळे बनवण्यासाठी ७५ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या पीव्हीसी पाइपवर २४ गेजच्या इनॅमल तारेचे एकाला एक लागून ५४ वेढे द्यावे लागतात. या तारेचा व्यास सुमारे ०.५६ मिलिमीटर असतो. वेढ्यांची एकूण लांबी सुमारे ३.३ सेंटिमीटर भरते आणि सुमारे १३ मीटर तार लागते. ही तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानांत वजनावर मिळते. पुठ्ठ्याची नळीही चालते, पण दमट हवेत ती ओलावा शोषते आणि वेटोळ्यातील ऊर्जाहानी वाढते. म्हणून तिच्यावर आधी व्हार्निशचा हात दिला जातो.

शोधक

गॅलेनाचा स्फटिक वापरल्यास त्याच्या पृष्ठभागावर बारीक, लवचीक तारेचे टोक टेकवून संवेदनशील बिंदू शोधावा लागतो. या तारेला इंग्रजीत ‘कॅट्स व्हिस्कर’, म्हणजे मांजराची मिशी, असे म्हणतात. जरासा धक्का लागला तरी बिंदू हरवतो आणि आवाज बंद पडतो.

जर्मेनियम डायोडमध्ये ही अडचण नसते. तो सुमारे ०.२ व्होल्टच्या आसपास लक्षणीय प्रवाह वाहू देतो, तर सामान्य सिलिकॉन डायोडला ०.६ ते ०.७ व्होल्ट लागतात. अँटेनाकडून मिळणारा दाब बहुधा त्याहून बराच कमी असतो. म्हणूनच १एन४००७ सारखा सहज मिळणारा सिलिकॉन डायोड लावलेला संच बहुतेक वेळा मुका राहतो. १एन३४ए आणि ओए७९ हे प्रचलित जर्मेनियम डायोड आहेत. मल्टिमीटरच्या डायोड चाचणीत ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आसपास वाचन आल्यास डायोड जर्मेनियमचा असण्याची शक्यता असते, तर ०.६ व्होल्टच्या आसपासचे वाचन सिलिकॉन डायोड दर्शवते. काही शॉट्की डायोडही या कामासाठी वापरता येतात.

क्षीण संकेतांच्या बाबतीत शोधकातून निघणारा ध्वनिसंकेत हा त्याला मिळालेल्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दाब निम्मा झाला तर ध्वनिसंकेत एक चतुर्थांश होतो. त्यामुळे अँटेना किंवा वेटोळ्यातील किरकोळ हानीचाही परिणाम आवाजावर ठळकपणे जाणवतो.

इअरफोन

या संचासाठी उच्च संरोधाचा इअरफोन आवश्यक असतो. जुन्या चुंबकीय हेडफोनचा रोध सुमारे २००० ते ४००० ओहम असे. मोबाइल फोनसोबत मिळणारे सुमारे ३२ ओहमचे इअरफोन थेट जोडल्यास मेलन मंडलावर मोठा भार पडतो आणि काहीच ऐकू येत नाही. ते वापरायचे असल्यास मध्ये ध्वनि-रोहित्र घालावे लागते.

दाबविद्युत तत्त्वावरील क्रिस्टल इअरफोन अत्यल्प ऊर्जेवर चालतो. मात्र त्यातून एकदिश प्रवाह वाहू शकत नसल्याने त्याला समांतर सुमारे ४७ किलोओहमचा रोधक जोडावा लागतो. तो नसल्यास डायोडच्या पुढे भार साठत जाऊन आवाज चिरका किंवा अगदी मंद होतो. जुन्या क्रिस्टल इअरफोनमध्ये रोशेल लवणाचा स्फटिक असे. तो दमट हवेत खराब होत असल्याने कोकणासारख्या प्रदेशात पावसाळ्यात असे इअरफोन हवाबंद डबीत ठेवणे हितावह असते. आताच्या सिरॅमिक प्रकारात हा दोष कमी आहे.

अँटेना आणि अर्थिंग

संचाला लागणारी सर्व ऊर्जा अँटेनाकडूनच येत असल्याने ती जितकी लांब व उंच, तितका आवाज चांगला. सामान्यतः १५ ते ३० मीटर लांबीची तार दोन आधारांमध्ये निरोधक लावून ताणली जाते. अर्थिंगसाठी ओलसर जमिनीत ठोकलेली धातूची कांब वापरतात. पूर्वी नळाच्या लोखंडी पाइपला तार जोडली जात असे, पण आता बहुतेक ठिकाणी पाइप प्लास्टिकचे असल्याने तो मार्ग उपयोगी पडत नाही.

जुळणी

लाकडी फळीवर सर्व घटक स्क्रूने बसवून सोल्डरिंगशिवायही हा संच उभा करता येतो. पाइपच्या एका टोकाला दोन छिद्रे पाडून तारेचे सुरुवातीचे टोक त्यांत अडकवले जाते आणि तार ताठ ठेवून वेढे दिले जातात. दर नऊ वेढ्यांनंतर तारेचा छोटा फासा पिळून बाहेर काढतात. असे ९, १८, २७, ३६ आणि ४५ व्या वेढ्यावर जोडबिंदू तयार होतात.

वेटोळ्याची सुरुवात अर्थिंगला जोडली जाते. धारित्र पूर्ण वेटोळ्याला समांतर असते. अँटेना ९ व्या किंवा १८ व्या आणि डायोड २७ व्या वेढ्यावरील बिंदूला जोडतात. डायोडचे दुसरे टोक इअरफोनला आणि इअरफोनचे दुसरे टोक अर्थिंगला जाते. डायोड कोणत्याही दिशेने लावला तरी चालतो, कारण लहरीच्या दोन्ही अर्धभागांत आवाजाची माहिती सारखीच असते.

अँटेना वेटोळ्याच्या वरच्या टोकाला न जोडता मधल्या बिंदूला जोडण्यामागे कारण आहे. २० मीटरच्या तारेची स्वतःची धारिता सुमारे १०० ते २०० पिकोफॅरड असते. ती थेट मेलन मंडलात मिसळल्यास गँग पूर्ण उघडूनही वरच्या वारंवारतांची केंद्रे लागत नाहीत. १८ व्या वेढ्यावर, म्हणजे एक तृतीयांश भागावर, जोडल्यास तिचा प्रभाव सुमारे एक नवमांश होतो. डायोड मध्यभागी जोडल्याने त्याचा भारही सुमारे एक चतुर्थांश जाणवतो.

सामान्य दोष

संचात घटक थोडे असल्याने दोष शोधणे सोपे असते. वारंवार आढळणारे दोष पुढीलप्रमाणे आहेत:

• काहीच ऐकू न येणे: जोडबिंदूंवरील इनॅमलचा लेप न काढणे हे याचे सर्वांत सामान्य कारण होय. तार उघडी तांब्याची दिसत असली तरी तिच्यावर पारदर्शक निरोधक लेप असतो. पॉलिश पेपरने घासून तो पूर्ण काढावा लागतो.
• इअरफोनची शंका: १.५ व्होल्टच्या सेलला इअरफोनची टोके क्षणभर टेकवल्यास स्पष्ट ‘टक्‌’ असा आवाज यावा.
• एकच केंद्र सर्वत्र ऐकू येणे: अँटेना किंवा डायोडचा भार जास्त असल्याचे हे लक्षण आहे. दोन्ही जोडण्या अर्थिंगकडील बिंदूंवर सरकवल्यास आवाज काहीसा कमी होतो, पण केंद्रे वेगळी होतात.
• पट्ट्याच्या एका टोकाची केंद्रे न लागणे: वेढे कमी किंवा जास्त झालेले असतात. खालच्या वारंवारता लागत नसतील तर वेढे वाढवावेत, वरच्या लागत नसतील तर कमी करावेत.
• संध्याकाळी खरखर वाढणे: एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर यांतून निघणारा विद्युत गोंगाट अँटेना पकडते. तार घरापासून दूर नेल्यास फरक पडतो.

सुरक्षितता

संचात धोकादायक विद्युतदाब नसला तरी अँटेना उभारताना काळजी आवश्यक असते. तार वीजवाहिन्यांच्या जवळून, वरून किंवा खालून नेऊ नये. भिंतीतील प्लगची कोणतीही पिन अँटेना किंवा अर्थिंग म्हणून वापरणे प्राणघातक ठरू शकते. वळवाच्या पावसाच्या आणि विजांच्या काळात उंच तार विशेष धोकादायक असते. ढग जमण्यापूर्वीच ती संचापासून सोडवून घराबाहेर अर्थिंगला जोडणे आणि गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात न लावणे हा नियम पाळला जातो.

मर्यादा

स्फटिक रेडिओची निवडक्षमता कमी असते. मेलन मंडलाचा गुणवत्ता गुणांक भारासह ४० असेल, तर ७९२ किलोहर्ट्झवर ते सुमारे २० किलोहर्ट्झ रुंदीचा पट्टा आत घेते. मध्यम लहरींवरील वाहिन्या मात्र ९ किलोहर्ट्झच्या अंतराने असतात. म्हणून जवळजवळच्या वारंवारतांवरील दोन प्रबळ केंद्रे एकमेकांत मिसळून ऐकू येतात. ध्वनिवर्धक चालवण्याइतकी ऊर्जाही सहसा मिळत नाही आणि बहुधा एका वेळी एकाच व्यक्तीला ऐकता येते. दिवसा ग्रहण मुख्यतः जवळच्या केंद्रांपुरते मर्यादित राहते. रात्री आयनांबरावरून परावर्तित लहरींमुळे दूरचे प्रबळ केंद्रही कधी कधी ऐकू येते.

शैक्षणिक महत्त्व आणि सद्यस्थिती

अनुस्पंदन, एकदिशीकरण आणि संरोध-जुळणी या संकल्पना पाठ्यपुस्तकात स्वतंत्र प्रकरणांत येतात. या संचात त्या एकत्र येतात आणि त्यांतील चूक थेट कानाला जाणवते. तयार मॉड्यूल जोडून केलेल्या प्रकल्पात आतील भाग न समजताही उपकरण चालू शकते. येथे मात्र वेटोळे स्वतः मोजून गुंडाळावे लागते. इअरफोनच्या जागी एका ट्रान्झिस्टरचा विवर्धक जोडणे ही यापुढची नेहमीची पायरी असते. त्यानंतर अनेक जण सुपरहेटरोडाइन ग्राहक किंवा परवानाधारक हौशी रेडिओकडे वळतात. मुंबईतील लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातील बुधवार पेठेतील पासोड्या विठोबा परिसर येथील दुकाने अशा सुट्या भागांसाठी परिचित आहेत.

या संचाचे भवितव्य मात्र प्रक्षेपकांवर अवलंबून आहे. जर्मनीतील डॉइचलांडफुंकने २०१५ च्या अखेरीस मध्यम लहरींवरील, तर फ्रान्स आंतेरने २०१६ च्या अखेरीस दीर्घ लहरींवरील प्रसारण बंद केले. भारतातही आकाशवाणीचे अनेक मध्यम लहरी प्रक्षेपक बंद झाले असून काही डीआरएम या अंकीय पद्धतीवर नेण्यात आले आहेत. एफएमसाठी वेगळी रचना लागते आणि तीही केवळ प्रबळ केंद्राच्या निकट कशीबशी चालते. अंकीय संकेताचा उलगडा करणे तर या संचाला अशक्यच आहे. ज्या परिसरात एएम केंद्र उरलेले नाही, तेथे निर्दोष जुळणी केलेला स्फटिक रेडिओही दिवसा बहुधा शांतच राहतो. अशा ठिकाणी हौशी मंडळी काही मीटर अंतरापुरत्या अतिक्षीण प्रायोगिक संकेतावर किंवा रात्रीच्या दूरच्या केंद्रांवर त्याची चाचणी घेतात.

हे सुद्धा पहा

• जगदीशचंद्र बोस
• जर्मेनियम
• डायोड
• हौशी रेडिओ
• आकाशवाणी